अजाचा शोक, यमूचे मरण

कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा आठवा सर्ग भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला अजविलापासाठी परिचित आहे. नारदाच्या वीणेवरून गळून पडलेल्या पुष्पमालेच्या स्पर्शाने इंदुमती गतप्राण होते आणि अज तिच्यासाठी विलाप करतो, एवढा भाग पाठ्यक्रमांतून पुनःपुन्हा येतो. त्या विलापानंतरच्या मोजक्या श्लोकांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वसिष्ठांनी शिष्याकरवी पाठविलेला उपदेश अजाच्या मनात ठरत नाही. मुलगा लहान आहे एवढ्याच कारणास्तव तो आठ वर्षे कशीबशी काढतो. पत्नीच्या प्रतिकृती न्याहाळतो, स्वप्नात क्षणभर तिला भेटतो. प्लक्षाचा अंकुर प्रासादाचे तळ फोडतो तसा शोक त्याचे हृदय फोडतो. वैद्यांना असाध्य असा रोग त्याला जडतो, आणि प्रियेमागोमाग जाण्याची त्वरा झालेला हा राजा त्या रोगालाच लाभ मानतो. दशरथावर राज्य सोपवून, प्रायोपवेशन करून तो गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो.

हे वर्णन केवळ अलंकारिक मानून पुढे जाणे सोपे आहे. परंतु त्यात एका निरीक्षणाची अचूकता आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या पुरुषाचे शरीर ढासळते, त्या ढासळण्याचे स्थान हृदय असते, औषधाचा गुण येत नाही आणि रुग्णाची जगण्याची इच्छाच मावळलेली असते, असे कवी सांगतो. विसाव्या शतकातील वैद्यकाने आकडेवारीच्या मार्गाने जे शोधले, त्याचा पुष्कळसा भाग या तीन-चार श्लोकांत आहे. तथापि वैद्यकाचे हे संशोधन भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने केवळ कालिदासाच्या प्रतिभेची साक्ष म्हणून वापरले, तर त्याचा खरा उपयोग होणार नाही. मागे राहिलेला पुरुष आणि मागे राहिलेली स्त्री यांच्या मरणाला आपल्या साहित्याने आणि समीक्षेने दोन वेगळी नावे दिली आहेत. ती नावे तपासून पाहण्याचे साधन या संशोधनाने पुरविले आहे.

प्रथम वैद्यकाचे म्हणणे थोडक्यात पाहणे इष्ट. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८५८ साली फ्रान्समधील मृत्युनोंदींच्या आधारे असे दाखविले होते की विवाहितांपेक्षा विधुर व विधवा यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असते. १९६३ साली मायकेल यंग, बर्नार्ड बेंजामिन व ख्रिस वॉलिस यांनी १९५७ मध्ये पत्नी गमावलेल्या, पंचावन्न वर्षे व त्यावरील वयाच्या ४,४८६ विधुरांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. याच पुरुषांचा नऊ वर्षे माग ठेवून कॉलिन मरे पार्क्स व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये पुढचा निष्कर्ष मांडला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण चाळीस टक्क्यांनी अधिक होते. त्यानंतर ते हळूहळू उतरत विवाहितांच्या पातळीला आले. वाढीव मृत्यूंचा सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा होता. वेल्समधील एका लहान गावाच्या पाहणीत, जी १९६७ साली प्रसिद्ध झाली, जवळचे माणूस गमावलेल्या नातेवाइकांपैकी वर्षभरात ४.७६ टक्के लोक मरण पावले. ज्यांच्या घरी असे मरण झाले नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण ०.६८ टक्के होते.

असे का व्हावे, याची उत्तरे क्रमाने मिळत गेली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की जोडीदाराच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची कार्यशक्ती मंदावते. १९८३ मध्ये अमेरिकेतील एका लहान अभ्यासाने, स्तनाच्या कर्करोगाने पत्नी गमावलेल्या पुरुषांत, तसाच निष्कर्ष काढला. १९९० मध्ये जपानी हृदयरोगतज्ज्ञांनी एका विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाची डावी जवनिका फुगते आणि तिचा आकार जपानी कोळ्यांच्या अष्टपाद पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. मराठीत ‘हाय खाणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘बायको गेली आणि त्याने हाय खाल्ली’ असे म्हणणाऱ्या माणसाला यातील शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण घटना ठाऊक होती.

मात्र हाय खाल्ल्याने सगळा हिशोब पुरा होत नाही. एकाच घरात आयुष्य काढलेली दोन माणसे एकच अन्न, एकच हवा आणि एकच दारिद्र्य वाटून घेतात, तेव्हा दोघांच्या मरणाची कारणे काही अंशी समान असणारच. विधुरांतील धडधाकट पुरुष पुन्हा लग्न करून विधुरांच्या गणनेतून बाहेर पडतात आणि आजारी तेवढे मागे उरतात, हाही आक्षेप जुना आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील ५,१८,२४० वृद्ध दांपत्यांच्या नोंदी तपासून निकोलस ख्रिस्ताकिस व पॉल ॲलिसन यांनी दाखविले की जोडीदार मरण पावण्याची गरज नसते. तो रुग्णालयात दाखल झाला, विशेषतः स्मृतिभ्रंशासारख्या दीर्घ आजाराने, तरी दुसऱ्याच्या मृत्यूचा धोका वाढतो. म्हणजे शोकाइतकेच आधाराचे तुटणेही घातक असते. जेवण वेळेवर कोण देते, औषधाची आठवण कोण करते, रात्री छातीत कळ आली तर शेजारी कोण आहे, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर आयुष्याची वर्षे अवलंबून असतात. पाश्चात्त्य देशांतील बहुतेक पाहण्यांत विधवेपेक्षा विधुराला हा धोका अधिक आढळतो, त्याचेही एक स्पष्टीकरण हेच दिले जाते. घर चालविणे, नातेवाइकांशी येणे-जाणे ठेवणे, दुखण्याखुपण्याकडे लक्ष देणे ही कामे तेथेही पत्नीच करीत आली. ती गेली की पुरुषाचे दैनंदिन जीवनच कोसळते. स्त्रीच्या हातचे काम तिच्याजवळच राहते.

भारतात हा हिशोब बदलतो. पी. एन. मारी भट यांनी केलेल्या आणि १९९८ साली मार्था चेन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात समाविष्ट झालेल्या विश्लेषणानुसार, भारतातील प्रौढ व वृद्ध विधवांचा मृत्युदर त्याच वयाच्या विवाहित स्त्रियांपेक्षा ८६ टक्क्यांनी अधिक होता. १९९२ मध्ये चेन आणि ज्यां द्रेझ यांनी उत्तर भारतातील ग्रामीण विधवांच्या आरोग्यासंबंधी लिहिताना अन्न, निवारा, जमिनीचा हक्क आणि कुटुंबातील स्थान यांचा प्रश्न पुढे ठेवला. बांगलादेशातील मतलब या भागात झालेल्या अभ्यासातूनही असेच चित्र दिसले : ज्या विधवा स्वतः घराच्या कर्त्या होत्या किंवा प्रौढ मुलाजवळ राहत होत्या, त्यांची स्थिती बरी होती, दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी आश्रित म्हणून राहणाऱ्यांच्या वाट्याला मृत्यू लवकर आला. पतीवरचे प्रेम घराच्या मालकीनुसार कमीअधिक होत नसते. तेव्हा या फरकाचे कारण शोकाच्या तीव्रतेत शोधता येत नाही. ते घरातील व्यवस्थेत, म्हणजे ताटात काय पडते आणि आजारात वैद्य कोण बोलावतो यात शोधावे लागते.

येथे पुन्हा कालिदासाकडे वळणे अगत्याचे आहे. इंदुमतीच्या चितेवर अजाने स्वतःला का जाळून घेतले नाही, याचे कारण कवीने स्पष्ट दिले आहे. जगण्याची आशा होती म्हणून नव्हे. राजा असून स्त्रीच्या मागे शोकाने मेला, असा लोकापवाद होईल म्हणून. याउलट ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात मदनाच्या भस्माजवळ रती वसंताला चिता रचायला सांगते आणि पतीमागे जाणे हा स्त्रीचा मार्ग जड सृष्टीलाही मान्य आहे, असा दाखला देते. आकाशवाणीने पुनर्मीलनाचे आश्वासन दिले, म्हणून ती थांबते. एकाच कवीच्या दोन विलापांत अनुगमनाचे मूल्य असे उलट झाले आहे. जे पुरुषाला लांछन, ते स्त्रीला भूषण. या उलटापालटीचा परिणाम वाङ्मयापुरता राहिला नाही. पुरुषाचे झुरणे हा काव्याचा विषय झाला, स्त्रीचे झुरणे हा आचारधर्म झाला. १८२९ च्या कायद्याने चितेवरचे मरण बंद केले. परंतु स्मृतींनी आणि रूढींनी सांगितलेले संथ अनुगमन त्यानंतरही चालू राहिले.

‘संथ अनुगमन’ हा शब्दप्रयोग अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. पण वैधव्याचे नियम आहारशास्त्राच्या दृष्टीने एकदा वाचून पाहावेत. महाराष्ट्रातील ब्राह्मण विधवेसाठी केशवपन, आलवण आणि एकवेळचे जेवण. बंगालमधील उच्चवर्णीय विधवेसाठी मासळी, कांदा, लसूण आणि मसुराची डाळ वर्ज्य, एकादशीला पाणीदेखील नाही. ज्या समाजात मासळी आणि डाळ हेच प्रथिनांचे मुख्य साधन, तेथे ही बंधने आयुष्यभराची उपासमार ठरतात. मंगल कार्यातून, शेजारणींच्या हळदीकुंकवातून आणि सणांतून तिला वगळले की पाश्चात्त्य स्त्रीला तारून नेणारे मैत्रिणींचे वर्तुळही संपते. आधुनिक वैद्यक ज्या ज्या गोष्टींना शोकाकुल माणसाचे आधार मानते, त्यांतील एकेक आधार रूढीने विधवेपासून विचारपूर्वक काढून घेतला होता. अर्थात हे सर्व जातींना सारखे लागू नव्हते. महाराष्ट्रातील अनेक जातींत पाट लावण्याची किंवा म्होतुराची चाल होती आणि विधवा शेतात व बाजारात कामही करीत असे. तेथे प्रश्न वपनाचा नसून जमिनीचा आणि मजुरीचा होता. १९३७ आणि १९५६ च्या कायद्यांनी हिंदू विधवेला मालमत्तेत हक्क दिला. तो सातबाऱ्यावर उतरण्यास किती काळ लागतो, हे खेड्यात राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

भाषाही याची साक्ष देते. पती गेलेल्या स्त्रीसाठी मराठीत विधवा, सोवळी, बोडकी अशी नावे आहेत. नावाआधी लावण्याचे ‘गं. भा.’ आहे. १९व्या शतकातच हे शब्द संपले असे मानावे, तर २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या शासकीय पातळीवर चर्चेत आला आणि त्यावर टीका झाली. पत्नी गेलेल्या पुरुषासाठी ‘विधुर’ हा संस्कृत शब्द असला, तरी घराघरात रुळलेला शब्द ‘बिजवर’ हा आहे, आणि तो शब्द त्याच्या दुःखाचा निर्देश करीत नाही. त्याच्या पुढच्या लग्नाचा करतो. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलने’त नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले होते. एका अर्थी पुरुषाचीही यात हानी झाली. त्याला शोक करण्यास अवधीच मिळाला नाही. महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली निवर्तली आणि वडिलांच्या आग्रहाखातर त्याच वर्षी त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या मुलीशी लावण्यात आला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांच्यावर त्याबद्दल झालेली टीका प्रसिद्ध आहे. एकतीस वर्षांच्या विधुराला त्याच्या इच्छेविरुद्ध संसारात परत ढकलणारी व्यवस्था आणि त्याच वयाच्या विधवेला संसाराबाहेर ठेवणारी व्यवस्था एकच होती, हे त्या टीकेत फारसे आले नाही.

या पार्श्वभूमीवर हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी पाहावी. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आलेली ही कहाणी यमूने स्वतः सांगितलेली आहे. पतीच्या सहवासात ती लिहू-वाचू लागते, मुंबईत काही काळ सुखाचा जातो, पती मरण पावतो, तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते आणि पुढे ती फार काळ जगत नाही. मराठी समीक्षेने या कादंबरीचा वास्तववादाच्या दृष्टीने, सुधारणावादाच्या दृष्टीने, निवेदनतंत्राच्या दृष्टीने पुष्कळ अभ्यास केला. यमूच्या मृत्यूला मात्र बहुधा करुणरसाची परिणती मानले गेले. यमू शोकाने मरत नाही. पतीच्या मृत्यूनंतरही ती विचार करते, आठवते, लिहिते. तिचे आधार एकामागून एक काढून घेतले जातात आणि तेव्हा ती संपते. आपटे यांनी तो क्रम इतक्या बारकाईने लिहून ठेवला आहे की त्याला एखाद्या रुग्णाचे टिपण म्हणता यावे. अजाच्या बाबतीत कवीने रोग म्हटले, वैद्यांचा निर्देश केला. यमूच्या अंथरुणाजवळ तिच्या समाजाने नशिबाचा निर्देश केला, आणि समीक्षेने रसाचा.

इंदिरा गोस्वामी यांच्या ‘नीलकंठी व्रज’ या १९७६ च्या असमिया कादंबरीत हा क्रम आणखी उघडा होतो. १९६७ मध्ये विवाहानंतर अवघ्या दीड वर्षात पती अपघातात गेल्यावर लेखिकेच्या मनात आत्मनाशाचे विचार येत राहिले, हे तिच्या आत्मकथनावरून ज्ञात आहे. ती वृंदावनात राहिली, रामायणाच्या अभ्यासात रमली आणि तेथील ‘राधेश्यामी’ विधवा तिने जवळून पाहिल्या. भजनाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या तुटपुंज्या प्राप्तीतून या स्त्रिया अंत्यसंस्काराचे पैसे बाजूला काढतात आणि त्यापायी अर्धपोटी राहतात. मरणाच्या खर्चासाठी जगण्याचा खर्च तोडणे, हे कोणत्याही सर्वेक्षणातील कोष्टकापेक्षा कमी निर्णायक प्रमाण नव्हे. त्याच नगरीत ती व्यथा घेऊन आलेली एक विधवा मात्र जगली, पुढे दिल्ली विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात अध्यापक झाली आणि २०११ पर्यंत लिहीत राहिली. दोघींच्या शोकात प्रतवारी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोघींच्या हाती काय होते, यात मात्र फरक दाखविता येतो : एकीजवळ शिक्षण, काम आणि तिची विचारपूस करणारे गुरुजन होते.

हाच फरक विधवांच्या आत्मचरित्रांतून दिसतो. रानडे १९०१ मध्ये निवर्तले तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. प्रारंभीच्या एकांतवासानंतर त्यांनी स्वतःला कामात घातले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली, आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. त्या १९२४ पर्यंत जगल्या. १९१९ मध्ये नारायण वामन टिळक गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. हिंदीत शिवरानी देवी यांचे ‘प्रेमचंद : घर में’ १९४४ मध्ये आले, पतीच्या मृत्यूनंतर त्या चाळीस वर्षे जगल्या. यावरून लेखनाने आयुष्य वाढते, असा सुबक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. आत्मचरित्र हे मागे उरलेल्यांचे वाङ्मय आहे. ज्या पहिल्या सहा महिन्यांत किंवा पहिल्या दोन वर्षांत गेल्या, ज्यांना अक्षर येत नव्हते, ज्यांच्या हाती कागद पडला नाही, त्यांचे आत्मचरित्र नाही. संख्याशास्त्रात ज्या दोषाबद्दल अभ्यासकाला पहिल्या दिवशी सावध केले जाते, तो दोष स्त्रीआत्मचरित्रांच्या अभ्यासात सर्रास घडतो : जगलेल्या चार जणींवरून सर्वांच्या धैर्याचे अनुमान केले जाते. न जगलेल्यांची बाजू आपल्याकडे कादंबरीने सांभाळली. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’पासून हे काम सुरू आहे, आणि म्हणून या विषयात कादंबरी व आत्मचरित्र ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावी लागतात.

याच संदर्भात एम. के. इंदिरा यांच्या ‘फणियम्मा’ या १९७६ च्या कन्नड कादंबरीचे उदाहरण अडचणीचे, म्हणून महत्त्वाचे आहे. बालपणी विधवा झालेली, मुंडन केलेली, अल्पाहारावर राहणारी ही स्त्री शंभरी ओलांडते. तिचे वय पाहून वैधव्याचे नियम आरोग्याला पोषक होते, असे म्हणणारा वाचक भेटू शकतो. पण फणियम्मा पतीला ओळखतही नव्हती. तिच्या दीर्घायुष्यात शोकाचा प्रश्नच येत नाही. शिवाय घराला आणि गावाला तिच्या हातांची गरज होती, बाळंतपणापासून स्वयंपाकापर्यंत. तिला स्थान होते, जरी ते राबणाऱ्याचे असले तरी. वर्षांची संख्या हे आरोग्याचे एक माप आहे, एकमेव नव्हे, एवढे भान ही कादंबरी देते. आकडेवारी हाती घेणाऱ्या साहित्याभ्यासकाला ते भान असलेच पाहिजे.

साहित्यकृतीला असा आरोग्यखात्याचा कागद करून टाकणे म्हणजे तिच्या कलारूपावर अन्याय नव्हे काय, असा प्रश्न यावर उपस्थित होईल. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या वाचनपद्धतीने विधवेच्या मरणाला आजवर ‘शोकांत’ म्हटले, ती पद्धतीही निष्पक्ष नव्हती. ‘पतिवियोगाने खंगून गेली’ हे वाक्य मराठी, बंगाली, हिंदी चरित्रकोशांत आणि कादंबऱ्यांच्या सारांशांत सहज येते. त्या वाक्यात एक वैद्यकीय निदान दडलेले आहे, आणि ते तपासलेले नाही. ती काय जेवत होती, कोठे झोपत होती, तिच्याशी कोण बोलत होते, ताप आल्यावर किती दिवसांनी औषध आले, हे प्रश्न विचारले तर कृतीतील न वाचलेले तपशील वाचावे लागतात. तपशील वाचणे हे समीक्षेचे पहिले काम असल्याने कलेवर यात अन्याय होण्याचे कारण नाही. उलट, ‘खंगून गेली’ म्हणून पुस्तक मिटणारा वाचक कृतीला आणि तिच्यातील माणसालाही अर्धवट सोडतो.

प्रश्न पुस्तकातच राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुरांची संख्या त्यांच्या मानाने फार थोडी, कारण स्त्रिया वयाने लहान असताना दिल्या जातात आणि पुरुष पुन्हा लग्न करतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो अनुकरणासाठी ठेवला. हा ठराव सन्मानाचा आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे, कारण ज्या दिवशी माणूस सर्वांत दुर्बळ असतो त्याच दिवशी त्याचे वर्तुळ तोडणारा विधी तो थांबवतो. पहिले सहा महिने धोक्याचे असतात हे १९६९ पासून छापील ज्ञान आहे. त्या काळात गावातील आरोग्यसेविकेने त्या घरी, विधवेकडे आणि एकट्या पडलेल्या वृद्धाकडेही, ठरवून जाणे ही फार मोठी योजना नव्हे. एकत्र कुटुंब विरळ होत चालले असताना चहादेखील करता न येणाऱ्या वृद्ध विधुराचा प्रश्न भारतातही उभा राहिला आहे, आणि भारतीय कथा-कादंबरीने त्याची दखल आता कोठे घेण्यास प्रारंभ केला आहे.

विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी करावयाचे काम याहून वेगळे, पण याला लागूनच आहे. अजविलाप, रतिविलाप, ‘पण लक्षात कोण घेतो?’, ‘नीलकंठी व्रज’, ‘फणियम्मा’ आणि विधवांची आत्मचरित्रे ही आज वेगवेगळ्या पाठ्यक्रमांत विभागलेली आहेत : काही अभिजात काव्य म्हणून, काही सुधारणाकालीन वाङ्मय म्हणून, काही स्त्रीलेखन म्हणून. जोडीदाराच्या मृत्यूनंतर माणूस कशाने जगतो आणि कशाने मरतो, या एका प्रश्नाखाली ती एकत्र वाचली, तर तुलनात्मक भारतीय साहित्य या संज्ञेला एक निश्चित विषय मिळेल. अजाला आठ वर्षे मिळाली. त्या आठ वर्षांत त्याच्याजवळ राज्य होते, गुरूचा उपदेश होता, वैद्य होते आणि ज्याच्यासाठी जगावे असा मुलगा होता. यमूजवळ यांतील काय होते, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर यावयास हरकत नसावी.